मास्तरांची वही आणि स्टिअरिंगचं तेल: मयेच्या एका गाडीचं प्रकरण

जुलैच्या 3 तारखेला मास्तर गाडी घेऊन डिचोलीला माझ्या गराजवर आले. तक्रार तोंडी सांगितलीच नाही, काखेतली दोनशे पानी वही पुढे केली. "आधी हे वाच, मग बॉनेट उघड," म्हणाले. मी तेव्हा बॉनेट आधी उघडलं. जन्मभराची सवय. वही नंतर वाचली आणि अर्धा तास फुकट गेला.

गाडी 2010 सालची सात आसनी डिझेल, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची. मीटरवर 1,25,900 किमी. मालक मये गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. चौथीत मला गणित त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मला अजून 'अरे' म्हणतात आणि मी त्यांचं बिल करताना दोनदा विचार करतो. रोज सकाळी नातीला पणजीच्या कॉलेजात सोडायचं काम त्यांच्याकडे आहे. रस्ता ठरलेला: मयेहून चोडण, तिथल्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदर, पुढे पणजी. परतताना तोच रस्ता. हे सगळं इतकं सांगायचं कारण, दोष कुठे आणि केव्हा दिसला याचा त्या फेरीबोटीशी थेट संबंध आहे.

फेरीवर गाडी लावायची म्हणजे खलाशाच्या हाताकडे बघत इंच इंच मागेपुढे व्हायचं. चाकं जवळजवळ जागच्या जागी वळवायची, तीही इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना. स्टिअरिंगच्या पंपाची खरी परीक्षा तिथेच होते. पंप फिरतो इंजिनच्या बेल्टवर, म्हणजे आयडलला तो सगळ्यात हळू फिरणार. आणि गाडी उभी असताना टायर वळवायला जोर मात्र सगळ्यात जास्त लागणार. स्टिअरिंगचं चाक शेवटापर्यंत लॉकला नेऊन धरलं की पंपातला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल तिथल्या तिथे फिरत राहतं आणि तापतं. ताशी साठने पळताना जो पंप गप्प असतो, तो फेरीच्या डेकवर कण्हायला लागतो. मास्तरांची तक्रार नेमकी हीच होती: फेरीवर चाक जड होतं, आवाज येतो आणि रस्त्याला लागलं की सगळं ठीक.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही.

गाडी पहिल्यांदा आली होती 12 जूनला. मिरग लागून जेमतेम चार-पाच दिवस झालेले. सुरू करताच 'कुंईं' असा बारीक, कानात घुसणारा आवाज. पहिल्या पावसात बेल्टच्या आवाजाच्या गाड्या आमच्याकडे रांगेने येतात. मी बेल्टवर बाटलीने थोडं पाणी टाकलं, आवाज बदलला, म्हणजे बेल्टच. घट्ट केला. स्टिअरिंग ऑइलच्या डबीत डोकावलो, पातळी बरोबर खुणेवर होती, झाकण लावलं. निदान चूक नव्हतं, अर्धवट होतं. त्या दिवशी आवाज दोन होते. बेल्टचा आवाज टिपेचा असतो, झटक्याने येतो, पाण्याने बदलतो. पंपाचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढतो आणि चाक वळवलं की फुगतो. टिपेच्या आवाजाखाली खालचा दबून गेला. पातळी खुणेवर होती ती मास्तरांनी दोनच दिवसांपूर्वी तेल भरलं होतं म्हणून, हे मला विचारायला सुचलं नाही. भरीस भर म्हणजे बेल्ट मी गरजेपेक्षा जास्त ताणला होता. तसं केलं की पंपाच्या शाफ्टच्या बेअरिंगवर बाजूने ताण येतो.

तर वही. मास्तर डिझेलपासून टायरमधल्या हवेपर्यंत सगळं लिहितात. स्टिअरिंगच्या नोंदी वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या होत्या. आम्ही त्या एका कागदावर एकाखाली एक उतरवल्या (तांबडे तेल म्हणजे स्टिअरिंगचं नेहमीचं):

10 ऑक्टोबर, 1,18,200 किमी: तांबडे तेल, 100 मिली.
18 जानेवारी, 1,21,100 किमी: तांबडे तेल, 100 मिली.
28 एप्रिल, 1,23,900 किमी: 150 मिली. पुतण्याने घातले. बाटलीवर: डॉट 3.
10 जून, 1,25,100 किमी: तांबडे तेल, 150 मिली.
27 जून, 1,25,700 किमी: तांबडे तेल, 200 मिली.

मास्तरांनी लगेच वजाबाक्या केल्या: 2,900, 2,800, 1,200, 600. "अरे, ही काय रोजची झीज नव्हे," म्हणाले. बरोबर होतं. पॉवर स्टिअरिंगचं तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही की पेट्रोलसारखं खर्च होत नाही. बंद वाटेने फिरणारं तेल ते. पंपातून दाबाखाली रॅककडे, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याकडे जातं, रॅकमधून परत डबीत येतं. कमी झालं तर ते कुठून तरी बाहेर गेलंय, दुसरं कारण नाही. पूर्ण यंत्रणेत बसतं साधारण एक लिटर आणि यांनी साडेआठ महिन्यांत 700 मिली भरलं होतं. दर वेळी भरल्यावर चाक हलकं व्हायचं, म्हणून दुखणं तेलाने बरं झालं असं वाटायचं. गळती मात्र वरून झाकली जायची.

तिसऱ्या नोंदीवर माझं बोट थांबलं.

"मास्तर, हे डॉट 3 पुतण्याने कुठून आणलं?"

"दुकानातून. स्टिअरिंगचं तेल कमी झालंय म्हटलं, तो बाटली घेऊन आला. का रे? तेलच ना ते?"

"तेल नव्हे, तिथेच गोम आहे. ते ब्रेकचं."

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो खरं, पण डॉट 3 आणि डॉट 4 हे खनिज तेल नसतंच. ग्लायकॉल इथरवर आधारलेला तो द्रव असतो, पाण्यात मिसळणारा. ब्रेकमधली रबरी सिलं त्या द्रवाला चालतील अशा रबराची करतात. स्टिअरिंगची सिलं आणि होज, म्हणजे रबरी नळ्या, बहुतेक नायट्राइल रबराचे, खनिज तेलाला टिकणारे. नायट्राइलला ग्लायकॉल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, सिलाची धार जाते. शिवाय पंपातल्या पात्यांना जे वंगण लागतं ते ब्रेक ऑइल देऊ शकत नाही. उलटी चूक याहून भयंकर: ब्रेकच्या डबीत तांबडं तेल गेलं तर ब्रेकची सिलं फुगतात आणि ब्रेक एकतर लागत नाहीत किंवा सुटत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी मी ब्रेकची डबी उघडली. झाकणाखालचं रबर सपाट, द्रव फिकट पिवळा. पुतण्याने तिथे हात लावला नव्हता. जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांपूर्वी घातलेलं ब्रेक ऑइल अजून आत आहे का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. सिरिंजने डबीतलं तेल ओढलं, लोणच्याच्या धुतलेल्या काचेच्या बरणीत घेतलं आणि रात्रभर फळीवर ठेवलं. तांबडं तेल पाण्याहून हलकं, ग्लायकॉल किंचित जड. सकाळी वर गढूळ तांबूस तेल आणि तळाला दोन-तीन मिलिमीटरचा पिवळट थर. रंग बघून हे कधीच कळलं नसतं, डबीत सगळं एकजीव तपकिरी दिसत होतं. तांबडं तेल वापराने तपकिरी होतंच, त्यामुळे नुसत्या तपकिरी रंगावरून घाबरायचं कारण नाही. करपल्याचा वास, बोटावर चुरचुरणारे कण किंवा दुधाळपणा असेल तर मात्र थांबून बघावं.

दुसरी खूण फेसाची. इंजिन चालू ठेवून चाक दोन्हीकडे वळवलं, डबीत बिअरसारखा फेस आला. इंजिन बंद करताच पातळी सेंटीमीटरभर वर चढली. यंत्रणेत हवा असली की असं होतं: दाब असताना हवा दबलेली असते, दाब गेला की फुगते आणि तेलाला डबीकडे ढकलते. चार-पाच मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून जास्त म्हणजे हवा शिरलीच. पंप कण्हत होता तो या हवेमुळे. डबीतून पंपाकडे जाणारा होज दोन बोटांत दाबून बघितला, तर शिजलेल्या वांग्यासारखा मऊ. ग्लायकॉल प्यायलेलं रबर. क्लिपखाली त्याची पकड गेली होती. हा होज ओढीच्या बाजूचा असल्यामुळे तिथून तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून बसणाऱ्याला हा होज कधीच सापडायचा नाही.

पण 700 मिली तेल गेलं कुठे? मास्तर ठाम होते: "पोर्चच्या लाद्यांवर एक थेंब नाही. तुझी काकी रोज पुसते." काकींच्या लादीवर माझा विश्वास आहे. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवली आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे दांड्यावरची झाकणं, चाचपले. उजवा हलका, डावा थुलथुलीत. क्लिप सैल करताच त्यातून वाटीभर तेल सांडलं, तांबड्या चिखलासकट. बुटाला वरच्या अंगाला बोटभर चीर होती. वरच्या अंगाला, म्हणून तेल आत साठत होतं आणि बूट काठोकाठ भरला की वळणावर, खड्ड्यात, फेरीच्या रॅम्पवर थोडं थोडं बाहेर पडत होतं. घरी उभ्या गाडीखाली काही नाही.

मला वाटतं सुरुवात त्या चिरेतूनच झाली. मये-डिचोलीकडची तांबडी माती, पावसाचं पाणी, त्यात मांडवीची खारी हवा. चिरेतून ते सगळं आत गेलं, रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर गंजाचे टिपके पडले आणि ते टिपके सिलाच्या धारेवरून रोज शेकडो वेळा पुढेमागे गेले. त्यातून पहिली बारीक गळती, दर 2,800-2,900 किलोमीटरला 100 ते 150 मिली. मग एप्रिलमध्ये डॉट 3. त्यानंतर अंतर निम्म्याहून खाली आलं. सगळा दोष पुतण्याच्या बाटलीवर टाकणं रास्त नाही, कारण जूनमध्ये पाऊसही सुरू झाला आणि फेरीच्या रांगाही वाढल्या. तरी मऊ पडलेला होज मी हाताने दाबून बघितलाय, त्याला पावसाची सबब चालत नाही.

मी म्हटलं, "मास्तर, पंपच बदलून टाकू?"

"पंप बिघडलाय हे कशावरून?"

"आवाज करतोय."

"ते उत्तर झालं. रीत दाखव."

चौथीत पण असंच. उत्तर बरोबर असलं तरी रीत नसेल तर अर्धे गुण कापायचे. रीत मांडायला गेलो तर पंप दोषी ठरेना: हवा शिरल्यावर नवा पंपसुद्धा तसाच कण्हेल. नवा पंप बसवून आवाज तसाच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पंप उघडला. पात्यांवर बारीक ओरखडे, पण झीज फार नाही. शाफ्टचं सील आणि ओ रिंगा तेवढ्या नव्या घातल्या, कारण त्यांनीही ग्लायकॉल चाखलं होतं. बेअरिंग बचावलं होतं. बेल्ट परत योग्य ताणावर आणला.

रॅक उतरवून म्हापशाच्या एका रॅक दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवला. इथे दोन वाटा होत्या. नवा रॅक घ्यायचा, किंवा आहे त्यालाच नवी सिलं घालायची. दांड्यावरचे टिपके खोल नव्हते, बारीक पॉलिशने बरेचसे गेले, पण पूर्ण गेले नाहीत. मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं की नवी सिलं वर्ष-दोन वर्षांत पुन्हा पाझरू शकतात. सिलांचा खर्च नव्या रॅकच्या मानाने फारच कमी. त्यांनी सिलांची वाट धरली. चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीला मीही तीच सुचवली असती. दोन्ही बूट नवे. डबीकडचे दोन्ही होज नवे. डबीही नवी, कारण तिच्या तळाची जाळी साच्यातच बसवलेली असते, काढून धुता येत नाही आणि ती रबराच्या काळ्या गाळाने अर्धी बुजली होती. दाबाच्या बाजूचा होज बदलायचा म्हटल्यावर मात्र मास्तर अडले, तो सगळ्यात महाग. त्यातलंही रबर त्याच द्रवात भिजलंय, आणि तिथे दाब टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो, असं सांगितल्यावर मान डोलावली.

जुनं तेल काढण्यावर आमची थोडी खडाजंगी झाली. पुष्कळ लोक घरी करतात ती पद्धत सोपी आहे: सिरिंजने डबीतलं तेल काढायचं, नवं भरायचं, दोन दिवस गाडी चालवायची, परत काढायचं. मास्तरांना हेच स्वस्त वाटत होतं. म्हटलं, हिशोब तुम्हीच करा. डबीत येतं 350 मिली, एकूण एक लिटर. म्हणजे दर वेळी 65 टक्के जुनं आतच राहतं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला: एकदा केलं तर 65, दोनदा 42, तीनदा 27, चारदा 18. चार वेळा करूनही जवळपास पाचवा हिस्सा जुनाच. नुसतं जुनं झालेलं तेल ताजं करायचं असेल तर ही पद्धत चांगली, मीही सांगतो लोकांना. पण आत ब्रेक ऑइल असताना पाचवा हिस्सा मागे ठेवून चालत नाही.

म्हणून पुढची चाकं उचलून, डबीकडे परत येणारा होज सोडवून बाटलीत धरला. डबीचं ते तोंड बुचाने बंद केलं. इंजिन बंदच. एकाने चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने वरून नवं तेल घालत राहायचं. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर परत हवा. बाटलीत आधी तपकिरी आलं, मग गढूळ, मग तांबडं. पहिलं दीड लिटर नुसतं धुण्यासाठी वापरलं. ते रात्रभर बरणीत ठेवून बघितलं, थर नव्हता. मग शेवटचं भरलं. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल नेणाऱ्याला दिलं. आमच्याकडे चिऱ्याची जमीन, गराजमागे ओतलेलं कुणाच्या विहिरीत उतरेल सांगता येत नाही.

हवा काढण्यात घाई केली की सगळ्यावर पाणी. इंजिन बंद ठेवूनच चाक वीसेक वेळा दोन्ही टोकांना नेलं, पातळी भरली. मग इंजिन सुरू, आयडलला तेच परत. कुठल्याही टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरायचं नाही. फेस दिसला तर बंद करून तासभर चहा. आमचे दोन चहा झाले. रॅक उतरवला होता म्हणून शेवटी अलाइनमेंटही करावी लागली. ते टाळलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेने खातात.

कुठलं तेल घालायचं, हे मला फोनवर सगळ्यात जास्त विचारतात. डबीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात जे नाव छापलंय ते. या गाडीच्या झाकणावर डेक्स्रॉन जातीचं एटीएफ होतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तांबडं तेल. पण सगळ्या गाड्यांना ते चालत नाही. काही युरोपीय गाड्यांत हिरवं सिंथेटिक तेल लागतं, होंडाचं वेगळं असतं. आणि हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, तिथे तेलच नाही. मागे एक गिऱ्हाईक नव्या हॅचबॅकचं स्टिअरिंग ऑइल बदलून द्या म्हणून अडून बसलं होतं. त्याला डबी शोधायला लावली, बिचारा दहा मिनिटं शोधत होता.

पातळी बघायची तर सपाट जागी, इंजिन बंद करून. गरम आणि थंड अशा दोन खुणा असतील तर त्या त्या खुणेशीच ताडून. बदलण्याची मुदत अनेक कंपन्या देतच नाहीत. मी आमच्या भागात दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटर धरतो, आणि पावसाळा लागण्याआधी व संपल्यावर रॅकचे बूट चाचपतो. बुटाची चीर मे महिन्यात सापडली तर काम काही शेकड्यांत उरकतं.

गाडी 12 जुलैला मास्तरांच्या ताब्यात दिली. आठवड्याने पातळी बघितली, तसूभर हलली नव्हती. चवथीनंतर, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणून-नेऊन झाल्यावर, 1,27,900 किलोमीटरला परत बघितली, तशीच. फेरीवर चाक एका हाताने वळतं म्हणाले. डाव्या बुटाच्या आत दांड्यावर किंचित ओल आहे, थेंब धरत नाही. ती जानेवारीत परत बघायची ठरलीय.

त्या दिवशी वहीही त्यांनी उघडून दाखवली. 28 एप्रिलच्या नोंदीसमोर पुतण्याचं नाव लाल शाईत. 12 जूनच्या नोंदीसमोर, 'बेल्ट घट्ट केला' याच्या पुढे, त्याच लाल शाईत: 'रीत अपूर्ण.' त्या दिवसाचे बेल्टचे पैसे मी जुलैच्या बिलातून आधीच वजा केले होते. ते सगळे त्यांनी परत करू दिले नाहीत, अर्धेच घेतले.